मुले चवथीला घरी निघण्याआधी आम्हाला कळवा: ढेकणांविषयी एका आईचे खुले पत्र

प्रति,
गोव्यातील महाविद्यालयांचे प्राचार्य, वसतिगृहांचे रेक्टर व वॉर्डन, आणि विद्यार्थ्यांना खोल्या भाड्याने देणारे घरमालक यांस

सप्रेम नमस्कार.

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की वसतिगृहे दोन दिवसांत रिकामी होतात. पणजी, फोंडा, मडगाव, वास्को इथे शिकणारी मुले बॅगा भरून पेडण्यापासून काणकोणपर्यंत आपापल्या घरी निघतात. पुणे, कोल्हापूर, बेळगावला शिकणारी आपली मुले रात्रीच्या स्लीपर बसने येतात, नाहीतर कोकण रेल्वेने थिवी, करमळी, मडगावला उतरतात. त्यांतल्या काही बॅगांतून ढेकूणही घरी येतात. हे वॉर्डनना माहीत असते, मुलांना माहीत असते, आणि ज्यांच्या घरात ते आधी येऊन गेले आहेत त्या आईबापांनाही माहीत असते. फक्त कोणी कोणाला सांगत नाही.

माझे मागणे साधे आहे. तुमच्या इमारतीत ढेकूण सापडले असतील तर मुले घरी निघण्याच्या आधी ते आम्हा पालकांना कळवा. पुढे जे लिहिले आहे ते या एका मागणीपोटीच.

मी डिचोली तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. माझी मुलगी गोव्यातल्याच एका वसतिगृहात राहून शिकते. त्याचे नाव इथे लिहीत नाही, कारण हा प्रश्न एका वसतिगृहाचा नाही. तिच्या दंडावर, मानेवर ओळीने गांधी उठत होत्या. खोलीतल्या दुसऱ्या मुलीच्या अंगावर मात्र काहीच नव्हते. माझ्या मुलीने तक्रार केली तेव्हा उत्तर मिळाले, ‘बाकी कोणाला चावत नाहीत, म्हणजे तूच आणले असशील.’ त्यानंतर ती गप्प बसली आणि भर उकाड्यात लांब बाह्यांचे कपडे घालू लागली. तिच्या खोलीच्या दोन्ही बाजूंच्या खोल्यांतही ढेकूण होते, हे नंतर कळले. त्या मुलीही तशाच गप्प होत्या.

ढेकूण दोघींना चावले तरी गांधी दोघींच्या अंगावर उठतीलच असे नाही. चाव्याला होणारी प्रतिक्रिया हा ज्याच्या त्याच्या शरीराचा भाग आहे. काहींना तासाभरात खाज सुटते, काहींना काही दिवसांनी, काहींना मुळीच नाही. त्यामुळे ज्या मुलीचे अंग सुजते ती दोषी आणि जिला काही होत नाही ती स्वच्छ, हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. ढेकणाला माणसाचे रक्त हवे असते. श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाची ऊब यांच्या मागावर तो येतो. खोली झाडलेली आहे की नाही, मूल कुठल्या गावचे, कुठल्या राज्यातले, याच्याशी त्याला काही देणेघेणे नाही. आपल्याकडे ‘हे बाहेरच्यांनी आणले’ असे म्हणून मोकळे होणे फार सोपे असते, म्हणून हे स्पष्ट लिहिते आहे. 2023 च्या शरद ऋतूत पॅरिससारख्या शहरात चित्रपटगृहांपासून रेल्वेच्या डब्यांपर्यंत ढेकणांची ओरड झाली होती. तिथेही कोणाच्या अस्वच्छतेवर बोट ठेवून प्रश्न सुटला नाही.

मग याकडे कोणाचेच लक्ष का जात नाही? मला वाटते, कारण असे की ढेकणामुळे माणसात कुठला रोग पसरतो हे सिद्ध झालेले नाही. मलेरिया, डेंग्यू, चिकुनगुनिया, हत्तीरोग, जपानी मेंदूज्वर आणि काळा आजार यांच्यासाठी देशात राष्ट्रीय कार्यक्रम आहे. त्याचे कर्मचारी घराघरात येऊन टाक्या, कुंड्या, टायर बघतात. ढेकूण त्या यादीत नाही, म्हणून तो कोणाच्याच खात्यात येत नाही. पण रात्रभर जागून परीक्षेला बसणारे मूल, खाजवून खाजवून जखमा चिघळलेले मूल, अंथरुणावर पाठ टेकायचीच धास्ती घेतलेले मूल, हे काय कमी आहे?

आता चवथीचे सांगते. आपल्याकडे गणपती मूळ घरी असतो. वास्कोचा भाऊ, मडगावची जाऊ, मुंबईचे चुलते, सगळे गावच्या घरी जमतात. रात्री घुमट या वाद्यावर आरत्या होतात, फुगड्या होतात, आणि मग वाड्यातली मुले सोप्यावर नाहीतर मधल्या खोलीत गोधड्या पसरून ओळीने झोपतात. बॅगा त्यांच्याच उशाशी किंवा भिंतीला लागून एकावर एक रचलेल्या असतात. वसतिगृहातून आलेल्या एका बॅगेच्या शिवणीत ढेकणाची अंडी घालायच्या बेतातली एखादी मादी असेल, तर दीड दिवस, पाच दिवस, जितके दिवस गणपती तितके दिवस तिला बाकीच्या बॅगांमध्ये शिरायला मोकळीक. विसर्जन झाले की त्या बॅगा आपापल्या गावी जातात. दिवाळीपर्यंत तीन-चार घरांत खाज सुरू झालेली असते आणि कोणाच्या घरून काय आले याचा पत्ता लागत नाही. शिवाय जुन्या घरांत लाकडी माळे, सागवानी पलंग, नक्षीचे बाक, तडे गेलेल्या मातीच्या भिंती. तिथे एकदा ढेकूण शिरला की वसतिगृहातल्या लोखंडी खाटेपेक्षा त्याला काढणे कितीतरी कठीण. म्हणून म्हणते, त्याला थांबवायची जागा वसतिगृहात आहे, आमच्या मूळ घरी नाही.

प्रत्येक वॉर्डनने एकदा स्वतःच्या डोळ्यांनी ढेकणाचा अड्डा बघावा असे मला फार वाटते. त्यासाठी मोबाइलचा टॉर्च आणि एक जुने एटीएम कार्ड पुरते. गादी उभी करा आणि कडेची शिवण बोटांनी उलटी करा. तिथे काळे बारीक ठिपके दिसतील, बॉलपेन टेकवून शाई पसरल्यासारखे. ती ढेकणाची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. ओल्या कापसाने पुसले तर लालसर-तपकिरी डाग पसरतो. शेजारी फिकट पिवळ्या, पोकळ काती सापडतील. अंडी पांढरी, जेमतेम एक मिलिमीटरची, फटीला घट्ट चिकटलेली. पूर्ण वाढलेला ढेकूण पाच ते सात मिलिमीटरचा, चपटा, तपकिरी, रक्त प्याल्यावर फुगलेला आणि लांबोडा. आता खाटेकडे या. लोखंडी खाटेत ढेकूण होत नाहीत हा समज सोडून द्या. पाइपची टोके उघडी असतात, त्यांत ते बसतात. स्क्रूची भोके, प्लायवूडचा जोड, खाटेमागचे प्लगचे बोर्ड, पडद्याची दुमड, पुस्तकाच्या पुठ्ठ्याची घडी, बॅगेच्या चेनखालची पट्टी. खाली पांढरा कागद धरून फटीतून कार्ड ओढले की जे आहे ते कागदावर पडते. एका खोलीला पाव तास पुरेल.

ढेकूण उडत नाही, उडी मारत नाही. तो चालतो आणि सामानातून प्रवास करतो. त्यातही न धुतलेल्या कपड्यांतून जास्त. इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 साली प्रयोग करून दाखवले की झोपलेला माणूस खोलीत नसेल तेव्हा ढेकूण स्वच्छ कपड्यांच्या पिशवीपेक्षा घातलेल्या कपड्यांच्या पिशवीकडे दुपटीने जास्त जातात. आपली मुले सुट्टीला येताना काय आणतात? आठवडाभराचे मळके कपडे, आई धुईल म्हणून. ते कपडे वसतिगृहातच धुवायची सोय असती तर अर्धे काम तिथेच झाले असते.

सुट्टीत खोली बंद ठेवली की ढेकूण उपाशी मरतात, असेही मी ऐकले आहे. मरत नाहीत. रक्ताशिवाय ते दोन-तीन महिने सहज काढतात, थंड हवेत त्याहूनही जास्त. मे महिन्याची सुट्टी त्यांना काहीच नाही. जूनमध्ये नवीन मूल त्या खाटेवर झोपते तेव्हा ते तयारच असतात.

आता फवारणीविषयी, कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. बहुतेक ठिकाणी ढेकणांची बोंब झाली की एक माणूस बोलावतात, तो तक्रार आलेल्या एकाच खोलीत औषध मारतो आणि प्रकरण मिटले असे समजतात. अंड्यांवर बहुतेक औषधांचा परिणाम होत नाही. गोव्याच्या हवेत ती सहा ते दहा दिवसांत फुटतात. पिल्लू पाच वेळा कात टाकते, प्रत्येक वेळी त्याला पोटभर रक्त लागते, आणि पाच-सहा आठवड्यांत ते स्वतः अंडी घालू लागते. म्हणून दहा ते चौदा दिवसांच्या अंतराने किमान दोनदा, शक्य तर तीनदा फवारणी व्हायलाच हवी, आणि ती त्या खोलीच्या दोन्ही बाजूंच्या, वरच्या आणि खालच्या खोल्यांतही. नुसत्या एका खोलीत औषध मारले तर ढेकूण पाइपच्या भोकातून, भिंतीच्या तड्यातून शेजारी जातात. ढेकूण लागलेल्या मुलीला तिच्या बिछान्यासकट दुसऱ्या खोलीत पाठवणे हे तर सगळ्यात घातक. खोल्या धुराने भरणारे फॉगरचे डबेही उपयोगाचे नाहीत, तो धूर फटीत पोचतच नाही.

औषधाला न जुमानणारे ढेकूण ही काही नवी गोष्ट नाही. हवाईतल्या पर्ल हार्बरच्या बराकींत 1947 सालीच डीडीटीला दाद न देणारे ढेकूण सापडले होते. आज जगभर पायरेथ्रॉइड गटातल्या, म्हणजे घरगुती फवाऱ्यांत नेहमी असणाऱ्या औषधांचे तेच झाले आहे. म्हणून कोणते औषध वापरले, किती दिवसांनी पुन्हा येणार, हे फवारणीवाल्याकडून लेखी घ्या. त्याच्याकडे कीटकनाशके कायदा, 1968 आणि त्याखालच्या 1971 च्या नियमांनुसार परवाना आहे का ते बघा. खोलीत पुन्हा कधी शिरायचे हे मुलांना सांगा. दम्याचा त्रास असलेल्या मुलाला वेगळी सूचना द्या.

मुलांना वाऱ्यावर सोडले की ती स्वतः उपाय शोधतात, आणि त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटते. कोणी गादीवर रॉकेल शिंपडतो. कोणी बाजारातून बिनलेबलची बाटली आणतो. डायक्लोरव्हॉस हे औषध ढेकणांसाठी घरोघर वापरले जायचे. त्यावर देशात 31 डिसेंबर 2020 पासून पूर्ण बंदी आहे, तरी जुन्या सवयीने लोक ते शोधतात. आणि धान्यात ठेवायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या! दमट हवेत त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. बंद खोलीत तो माणसाला मारतो आणि त्यावर उतारा नाही. ढेकणांसाठी घरात अशा गोळ्या ठेवून माणसे, लहान मुले दगावल्याच्या बातम्या आपल्या देशात वेळोवेळी आल्या आहेत. प्रशिक्षित आणि परवानाधारक माणसाखेरीज कोणी त्यांना हात लावता कामा नये. रेक्टरसाहेब, तुमच्या सूचनाफलकावर दुसरे काही लावले नाही तरी चालेल, पण हे मात्र लावा. कोणी लाजेपोटी रात्री दार बंद करून असला प्रयोग करू नये, यासाठीच आधी लाज काढून टाकायला हवी. तक्रार करणाऱ्या मुलाला दंड नाही, त्याचे नाव फलकावर नाही, गादीचे पैसे त्याच्याकडून नाहीत, हे तोंडी नको, लेखी हवे.

विषाशिवाय काम करणारी गोष्ट म्हणजे उष्णता. 50 अंश सेल्सिअसला ढेकूण आणि त्याची अंडी लवकर मरतात, 48 अंशांना अंड्यांना दीड तास लागतो. कपडे 60 अंशांच्या पाण्यात धुतले किंवा गरम ड्रायरमध्ये अर्धा तास फिरवले की झाले. प्रत्येक वसतिगृहात एक मोठा ड्रायर असावा ही माझी दुसरी मागणी. गोव्यात जून ते सप्टेंबर कपडेच वाळत नाहीत, मग ढेकूण उन्हात कसे मारणार? मे महिन्यात गादी अंगणात टाकतात, तीही नीट तापत नाही. वरचा कापड गरम होतो आणि ढेकूण खालच्या सावलीच्या बाजूला सरकतो. कपडे काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत पातळ थरात बांधून तापलेल्या गच्चीवर दुपारभर ठेवले तर उपयोग होतो, पण आत थर्मामीटर ठेवून पारा 50 च्या वर काही तास राहिला हे बघावे लागते. गाद्यांना चारी बाजूंनी बंद होणारे चेनचे कव्हर घाला. ते फार महाग नसते, आणि आत अडकलेला ढेकूण बाहेर येत नाही, बाहेरचा आत लपत नाही. खाट भिंतीपासून वीतभर दूर, चादर जमिनीला न टेकणारी, चारही पाय साबणाच्या पाण्याच्या वाटीत. नुसती गुळगुळीत वाटी पुरत नाही, आपल्याकडच्या उष्ण प्रदेशातला ढेकूण प्लास्टिकच्या भिंतीही चढतो.

मुलगी घरी येते तेव्हा मी काय करते तेही सांगते, कारण इतर पालक हे पत्र वाचतील. बॅग घरात येत नाही. ती बाहेर न्हाणीपाशी सिमेंटवर उघडते. कपडे सरळ भाणात, म्हणजे आंघोळीचे पाणी तापवायच्या भांड्यात, उकळत्या पाण्याला जे टिकतात ते. जे टिकत नाहीत ते प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून शहरातल्या ड्रायर असलेल्या लाँड्रीत. पुस्तके पिशवीत बंद करून फ्रीजरमध्ये, पण फ्रीजर खरोखर उणे 18 अंशांवर असेल तर, आणि निदान चार दिवस. रिकाम्या बॅगेच्या चेनी, शिवणी, चाकांची खाच ब्रशने झाडून त्यावर वाफेची इस्त्री सावकाश फिरवते. मुलीने आंघोळ करून घरचे कपडे घातले की मग घरात. यात तिची हेटाळणी अजिबात होऊ देत नाही. आजीलाही सांगून ठेवले आहे.

घरमालकांनो, तुम्हाला थोडेच पण नेमके लिहिते. खोली सोडून जाणारे मूल आपली गादी, कपाट, अभ्यासाचे टेबल पुढच्या मुलाला विकते किंवा तसेच ठेवून जाते. ती गादी टॉर्चने तपासल्याशिवाय दुसऱ्याला देऊ नका. टाकायची असेल तर कापून, ‘ढेकूण’ असे मोठ्या अक्षरांत लिहून टाका, नाहीतर रस्त्यावरून ती कोणीतरी गरजू माणूस उचलून नेतो. आणि अनामत रकमेतून फवारणीचे पैसे कापायची पद्धत बंद करा. त्याच भीतीने मुले महिनोन्महिने सांगत नाहीत, आणि शेवटी तुमच्याच भिंती भरतात.

खर्चाचा प्रश्न येईल, येऊ दे. ढेकूण एका खोलीत असताना बोलावलेल्या माणसाचे बिल आणि सगळा मजला भरल्यावरचे बिल यांत किती अंतर असते हे ज्यांनी दोन्ही भरली आहेत त्यांना विचारा. पर्वरीच्या उच्च शिक्षण संचालनालयालाही माझी विनंती आहे. वसतिगृहांच्या तपासणीत स्वयंपाकघर, पाण्याची टाकी, अग्निशामक यंत्र बघतात, त्यात गाद्यांची तपासणी घाला. ती वर्षातून दोनदा व्हावी, जूनमध्ये मुले यायच्या आधी आणि चवथीच्या तीन आठवडे आधी. तीन आठवडे यासाठी की काही सापडले तर दोन फवारण्या सुट्टीपूर्वी होतात.

आणि मूळ मागणी, कळवण्याची. पालकांना काय लिहायचे, बदनामी होईल का, म्हणून अडून राहू नका. मजकूर मी देते, तो तसाच वापरा:

‘आमच्या वसतिगृहाच्या काही खोल्यांत ढेकूण आढळले आहेत. पहिली फवारणी झाली आहे, दुसरीची तारीख ठरली आहे. यात कोणत्याही विद्यार्थ्याचा दोष नाही. आपला मुलगा किंवा मुलगी घरी आल्यावर बॅग घराबाहेर उघडावी, कपडे गरम पाण्यात धुवावेत, बॅगेच्या शिवणी तपासाव्यात. कोणतेही विषारी औषध स्वतः वापरू नये. घरी ढेकूण आढळल्यास आम्हाला कळवावे, म्हणजे त्या विद्यार्थ्याची खोली पुन्हा तपासता येईल.’

आपली,
एक पालक आणि शिक्षिका
डिचोली तालुका, गोवा